खडीच्या खाणीतला निळा दगड

पुण्यात आयटीत काम करणाऱ्या निम्म्या पब्लिकला वाघोली माहीत असते ती दोन कारणांसाठी. एक, तिथे फ्लॅट जरा परवडतात. दोन, नगर रोडचं ट्रॅफिक. तिसरं कारण कुणी सांगत नाही, कारण बहुतेकांना ते ठाऊकच नसतं. जगभरातल्या खनिजांच्या म्युझियममध्ये 'वाघोली' हे नाव छापलेलं एक निळं लेबल असतं. त्या लेबलवर पुणे जिल्हा, महाराष्ट्र, भारत असा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. दगडाचं नाव कॅव्हान्साइट.

मी मूळचा भंडाऱ्याचा. आमच्या जिल्ह्यात खाण म्हटलं की मँगनीज. तुमसर तालुक्यातलं चिखला, डोंगरी बुजुर्ग ही नावं आम्ही लहानपणापासून ऐकलेली. त्यामुळे पुण्यात आल्यावर "खाण" म्हणजे नुसती खडी फोडायची जागा, हे मला जरा कमीपणाचं वाटायचं. :) खाणीतून काहीतरी 'निघालं' पाहिजे ना! पण वाघोलीच्या खडीच्या खाणीतून जे निघालं, तसं आमच्या कुठल्याही मँगनीजच्या खाणीतून निघालं नाही. आजचा लेख त्याबद्दल. आणि दगडांना नावं कोण देतं याबद्दलही, कारण या दोन गोष्टी एकमेकांत चांगल्याच गुंतल्या आहेत.

आधी थोडं केमिस्ट्री. घाबरू नका, इंजिनीअरिंगच्या फर्स्ट इयरपेक्षा सोपं आहे.

कॅव्हान्साइट म्हणजे कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट. नावही तसंच बनवलं आहे: कॅल्शियममधला 'कॅ', व्हॅनेडियममधला 'व्हॅन', सिलिकेटमधला 'सि'. व्हेरिएबलला नाव सुचलं नाही की आपण जसं तीन शब्द जोडून टाकतो, अगदी तसं. कॅल्शियमचा एक अणू, व्हॅनेडियमचा एक, सिलिकॉनचे चार, ऑक्सिजनचे अकरा, आणि सोबत पाण्याचे चार रेणू. निळा रंग येतो तो व्हॅनेडियममुळे. आणि निळा म्हणजे कसा, तर मोरपिसातल्या डोळ्याच्या जवळ जाणारा. पांढऱ्या स्टिल्बाइटच्या गालिच्यावर हे निळे गोळे बसलेले असतात. पहिल्यांदा फोटो पाहिला की कुणीतरी रंग लावलाय असंच वाटतं.

आता गंमत बघा. याच अणूंचा, याच प्रमाणात बनलेला आणखी एक दगड आहे. त्याचं नाव पेंटागोनाइट. 'रामा' आणि 'मारा' या दोन शब्दांत अक्षरं तीच असतात, क्रम बदलला की अर्थ बदलतो. तसंच इथे आहे. दोन्हीत सिलिकेटचे थर आहेत, आणि त्या थरांना व्हॅनेडियम आणि कॅल्शियम एकमेकांशी बांधून ठेवतात. पण कॅव्हान्साइटच्या थरात चार-चार आणि आठ-आठ सिलिकेटची कडी असतात, तर पेंटागोनाइटच्या थरात सहा-सहाची. पेंटागोनाइटचे पाच स्फटिक कधीकधी एकत्र असे वाढतात की आडव्या छेदात पाच टोकांची चांदणी दिसते. त्यावरून ते नाव पडलं. डोळ्यांनी ओळखायचं तर ढोबळ नियम असा की गोल गुबगुबीत फुलं दिसली तर कॅव्हान्साइट, आणि टोकदार काड्यांचा झुपका दिसला तर पेंटागोनाइट. अर्थात ढोबळ नियम कधीकधी फसवतो, आणि मग खात्रीसाठी एक्स-रे घ्यावा लागतो.

हे दोन्ही दगड शास्त्रात दाखल झाले १९७३ साली. लॉइड स्टेपल्स, हॉवर्ड इव्हान्स आणि जेम्स लिंडसे या तिघांनी 'अमेरिकन मिनरलॉजिस्ट' या नियतकालिकात त्यांचं वर्णन छापलं. नमुने होते अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या दोन जागांचे: एक ओवायही धरणाजवळची आणि दुसरी गोबल नावाच्या गावाजवळची. त्याच वर्षी इव्हान्सनी दोघांची अंतर्गत रचना सोडवून दाखवली. ओरेगॉनचे नमुने छोटे होते, स्फटिक बारीक होते. शास्त्रज्ञांना पुरेसे, पण हौशी माणसाला कपाटात ठेवायला फारसे नाहीत.

म्हणजे पहिला मान ओरेगॉनला गेला. खनिजशास्त्राचा नियमच असा आहे की ज्या जागेच्या नमुन्यावरून पहिलं वर्णन लिहिलं गेलं, ती त्या खनिजाची मूळ जागा. तिथे ते सर्वांत चांगलं मिळतं की नाही, याला महत्त्व नाही.

मग पुण्याचा नंबर लागला. १९७० च्या दशकातच पुण्याच्या परिसरातल्या कॅव्हान्साइटची नोंद झाली होती, पण खरा स्फोट (शब्दशः!) झाला १९८० च्या दशकाच्या शेवटी. वाघोलीच्या दगडखाणींमध्ये सुरुंग लावले जात होते, आणि फुटलेल्या बसाल्टच्या पोकळ्यांमध्ये निळे गोळे दिसायला लागले. एक-दोन नाहीत, ढिगाने. खनिजांचे व्यापारी तिथे पोचले, नमुने परदेशातल्या प्रदर्शनांत गेले, आणि तोपर्यंत पुस्तकातच असलेलं खनिज एकदम लोकांच्या हातात आलं. १९९१ साली रुस्तम कोठावाला यांनी 'मिनरलॉजिकल रेकॉर्ड'मध्ये वाघोलीच्या या जागेवर स्वतंत्र लेख लिहिला. २००१ मध्ये के. बी. पवार आणि के. भैरप्पा यांनी वाघोलीच्या कॅव्हान्साइटचा एक्स-रे, उष्णता आणि इन्फ्रारेड अशा तिन्ही अंगांनी अभ्यास छापला. जगात आणखीही काही मोजक्या ठिकाणी कॅव्हान्साइट सापडलं आहे, पण वाघोलीच्या तोडीचं कुठेच नाही. पेंटागोनाइटही वाघोलीतच सर्वांत देखणं मिळालं.

आता प्रश्न असा की वाघोलीच का?

दख्खनचा काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. आज तो साधारण ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे. लाव्हा थंड होताना त्यातले वायू बुडबुडे करून ठेवतात, दगडात भेगाही पडतात. नंतर त्यातून गरम पाणी फिरतं. ते पाणी दगडातला कॅल्शियम, सिलिका वगैरे विरघळवतं आणि पोकळीत नेऊन जमा करतं. आपल्या बसाल्टमध्ये व्हॅनेडियमही असतं, पण दहा लाख भागांत साधारण दोन-तीनशे भाग इतकंच. सगळीकडे आहे, पण सगळीकडे विखुरलेलं. वाघोलीला ते इतकं एकत्र आलं की त्याचं स्वतंत्र खनिज बनलं. हाकेच्या अंतरावरच्या खाणींमध्येही स्टिल्बाइट, ह्युलँडाइट मिळतात, निळं मात्र मोजक्याच ठिकाणी.

या पोकळ्यांमध्ये कॅव्हान्साइटचं आख्खं खानदान राहतं. ओकेनाइट नावाचं खनिज असतं, पांढऱ्या कापसाच्या गोळ्यासारखं, तेही कॅल्शियम सिलिकेटच. त्याचं पहिलं वर्णन १८२८ चं, ग्रीनलंडमधल्या नमुन्यावरून. गायरोलाइट असतं, गोल चकत्यांचं. ते १८५१ साली स्कॉटलंडच्या स्काय बेटावरून नोंदलं गेलं. दोघांचेही सुरेख नमुने मुंबई-पुण्याच्या दगडात मिळतात, आणि १९२५ साली भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या डब्ल्यू. ए. के. क्रिस्टी यांनी मुंबईच्या गायरोलाइट आणि ओकेनाइटवर लेख लिहिला होता. अ‍ॅपोफिलाइट तर पुण्याचं जगप्रसिद्ध आहेच. आणि या खानदानाचा एक नातेवाईक तुमच्या-माझ्या घरात आहे. सिमेंटमध्ये पाणी घातलं की जो चिकट पदार्थ तयार होऊन वाळू-खडीला धरून ठेवतो, तोही पाणी धरलेलं कॅल्शियम सिलिकेटच. त्याची रचना टोबरमोराइट नावाच्या खनिजाच्या जवळची आहे, आणि टोबरमोराइट हे गायरोलाइटचं भावंडं म्हणावं असं. म्हणजे वाघोलीत ज्या खडीसाठी डोंगर फोडला, ती खडी शेवटी एका कॅल्शियम सिलिकेटनेच भिंतीत चिकटवली गेली. कामाच्या वेळी हे आठवलं की मला उगाच हसू येतं.

असो. आता नावांकडे.

पुण्याच्या नावाचं खनिज होतं, हे किती जणांना माहीत आहे? १८३१ साली हेन्री ब्रूक या इंग्रज खनिजतज्ज्ञाने पुण्याहून आलेल्या एका दगडाला 'पूनालाइट' असं नाव दिलं. पुढे कळलं की हे नवीन काही नाही, आधीच माहीत असलेलं मेसोलाइटच आहे. नाव गेलं. मग १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटात रेल्वे चढवण्यासाठी डोंगर पोखरला गेला. पंचवीस बोगदे झाले, हजारो मजूर कामावर मेले, आणि फुटलेल्या दगडातून निघालेले सुंदर स्फटिक परदेशातल्या म्युझियममध्ये गेले. १८६५ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स शेपर्डने त्यातल्या एकाला सह्याद्रीवरून 'सायहेड्राइट' म्हटलं. तेही टिकलं नाही, ते स्टिल्बाइटच्या जातीचं निघालं. विदर्भातही असंच. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाने १८५९ मध्ये 'हिस्लोपाइट' आलं, आणि ते हिरव्या रंगाचं कॅल्साइट ठरलं.

आणि इथे आमचा भंडारा येतो.

भंडाऱ्याचा उत्तरेकडचा भाग दख्खनच्या लाव्ह्याचा नाही. तिथला दगड त्याच्यापेक्षा कितीतरी पटीने म्हातारा, साधारण १०० कोटी वर्षांच्या आसपास दाबला-भाजला गेलेला. नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा असा मँगनीजचा पट्टा आहे. १९०० च्या सुमारास इथे खाणी सुरू झाल्या, आणि काही वर्षांतच भारत मँगनीजच्या बाबतीत रशियाच्या बरोबरीला आला. लुइस ले फर्मर नावाचा एक तरुण १९०२ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणात लागला आणि या पट्ट्याच्या मागे लागला. १९०९ साली त्याचा भारतातल्या मँगनीजवरचा ग्रंथ आला, हजारावर पानांचा. जन्म १८८० चा, म्हणजे तेव्हा वय २९. माझ्या वयाच्या आसपासचा माणूस! माझं आजवरचं सर्वांत मोठं डॉक्युमेंट ८० पानांचं आहे आणि त्यातली ३० पानं स्क्रीनशॉट. (पुढे हाच फर्मर १९३५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेचा पहिला अध्यक्ष झाला. त्याचा मुलगा पॅट्रिक ले फर्मर हा इंग्रजीतला मोठा प्रवासलेखक.)

फर्मरने नावांची नुसती खैरात केली. सर्वेक्षणाचे प्रमुख हॉलंड यांच्यावरून हॉलंडाइट, सहकारी व्रेडेनबर्गवरून व्रेडेनबर्गाइट, ब्लॅनफर्डवरून ब्लॅनफर्डाइट, नमुना सापडवणाऱ्या विंच यांच्यावरून विंचाइट. गावांच्या नावावरूनही केली: छिंदवाड्यातल्या सीतापारवरून सीतापाराइट, नागपूरजवळच्या बेलडोंगरीवरून बेलडोंगराइट. आणि इथल्या मँगनीजवाल्या एका खडकाला त्याने गोंड लोकांवरून गोंडाइट म्हटलं.

पुढे काळाने चाळणी लावली. सीतापाराइट हे बिक्सबाइट निघालं. व्रेडेनबर्गाइट दोन खनिजांचं मिश्रण निघालं. हॉलंडाइट आणि विंचाइट टिकले. गोंडाइट टिकलं, पण ते खडकाचं नाव आहे, खनिजाचं नाही. म्हणजे साहेबांचीच नावं राहिली असं सरसकट म्हणता येत नाही, साहेबांचीही गेली. चाळणी निःपक्षपाती होती. पण चाळणीत काय टाकायचं हे ठरवणारा हात एकाच बाजूचा होता. चिखल्याच्या खाणीत किंवा बोरघाटाच्या बोगद्यात तो दगड पहिल्यांदा ज्याने हातात घेतला, त्याचं नाव चाळणीपर्यंत आलंच नाही.

यावर "इंग्रजांचा काळ होता, चालायचंच" असं म्हणून सोडून देता येईल. पण मग वाघोलीचं काय? वाघोलीचा शोध १९८० च्या दशकातला आहे. देश आपला, राज्य आपलं, विद्यापीठ तिथून तासाभरावर. निळा दगड पहिल्यांदा पाहणारा माणूस खाणीत काम करणारा असणार, कारण सुरुंगानंतर ढिगाऱ्यात तोच पहिला उतरतो. महाराष्ट्रात दगड फोडण्याचं काम पिढ्यान् पिढ्या वडार समाजाने केलं आहे, आणि अलीकडे बाहेरच्या जिल्ह्यांतून, राज्यांतून आलेले मजूरही करतात. वाघोलीतच 'संतुलन' या संस्थेने १९९७ मध्ये खाणकामगारांच्या मुलांसाठी 'पाषाण शाळा' सुरू केल्या, यावरून तिथली वस्ती कशी होती याचा अंदाज येतो. लेबलवर गावाचं नाव आलं, ही बोरघाटापेक्षा प्रगतीच. माणसाचं अजून आलेलं नाही.

यात कुणाचा दुष्टपणा आहे असं मला वाटत नाही. मला यात सिस्टिमचा डिझाइन दोष दिसतो. आपला १९५७ चा खाण कायदा बघा. मँगनीज हे प्रमुख खनिज, त्याचे नियम केंद्राचे. त्याचा ग्रेड तपासला जातो, टनावर हिशेब लागतो. १९६२ पासून चिखला, डोंगरी बुजुर्ग सांभाळायला सरकारी कंपनी आहे, म्हणजे आजची मॉइल. डोंगरी बुजुर्गचं मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या सेलमध्ये जातं, इथपर्यंत सगळं नोंदलेलं. उलट बांधकामाचा दगड हे 'गौण खनिज', त्याचे नियम राज्याचे, आणि हिशेब ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ब्रास मोजताना आत काय आहे हा प्रश्नच उद्भवत नाही. आतला निळा गोळा कायद्याच्या दृष्टीने खडीच. मग तो क्रशरमध्ये जायचा की अ‍ॅरिझोनातल्या टक्सनच्या प्रदर्शनात, हे त्या दिवशी खाणीवर कोण उभं आहे यावर ठरतं. ज्या डेटाबेसमध्ये फील्डच नाही, तिथे माहिती भरणार कुठे?

इथे व्यापाऱ्यांवर तुटून पडायचा मोह होतो. मलाही झाला. पण थोडं वाचल्यावर लक्षात आलं की ते पोचले नसते तर सगळं क्रशरमध्येच गेलं असतं. मजुराला निळा दगड बाजूला ठेवायचं कारण त्यांनीच दिलं, कारण त्याला त्याचे पैसे मिळायला लागले. सिन्नरचं गारगोटी म्युझियम उभं आहे तेही के. सी. पांडे या खनिजांच्या व्यवसायातल्या माणसामुळे. नाशिकला जाताना एकदा वाट वाकडी करून जरूर बघा. मुंबई-पुण्याच्या दगडाच्या पोटात काय असतं हे तिथे एका छताखाली दिसतं.

तोटा झाला तो माहितीचा. कुठल्या खाणीत, जमिनीपासून किती खाली, कुठल्या थरात, शेजारी कोणतं खनिज, आधी कोणतं वाढलं आणि नंतर कोणतं, याची नोंद नसेल तर नमुना सुंदर असतो पण मुका असतो. "व्हॅनेडियम वाघोलीतच का साठलं?" या प्रश्नाचं उत्तर त्या नोंदींत असतं. सोर्स कंट्रोल नसलेल्या प्रोजेक्टसारखं आहे हे. फायनल बिल्ड हातात आहे, पण ते कसं तयार झालं त्याची हिस्ट्री कुणी ठेवलीच नाही.

आणि वेळ फार नाही. वाघोली ३० जून २०२१ पासून पुणे महापालिकेत आहे. शहर जवळ आलं की दगडखाणी बंद होतात, आणि व्हायलाच हव्यात. सुरुंगाचे हादरे आणि धूळ खात कुणी राहू नये. बंद झालेल्या खाणीत आधी पाणी साठतं, मग भराव पडतो, मग एखादी स्कीम उभी राहते. शहराने खडी मागितली म्हणून निळा दगड बाहेर आला, आणि तेच शहर आता त्या खड्ड्यांवर चढतं आहे. खाण चालू ठेवा असं मी म्हणत नाहीये. बंद करण्याआधी एक उभी भिंत राखून ठेवा, एका भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला चार आठवडे तिथे मोजमाप करू द्या, आणि जुन्या खाणकामगारांशी बोलून कुणी, कधी, कुठे काय पाहिलं ते लिहून घ्या. शेवटचं काम सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत आधी संपणारं, कारण १९८० च्या दशकात सुरुंग लावणारी माणसं आता म्हातारी झाली आहेत.

हे सरकारनेच करावं असं काही नाही. खनिजशास्त्रात हौशी माणसांनी मोठी कामं केली आहेत. वाघोली-खराडी परिसरात राहणाऱ्या आणि शनिवार-रविवारी ट्रेकला जाणाऱ्या मंडळींकडे फोन आहे, जीपीएस आहे, मराठी येतं. मजुराशी बोलायला लागतं ते सगळं आहे. उघड्या पडलेल्या कातळाचा फोटो, ठिकाण आणि तारीख एवढं जरी जपून ठेवलं तरी उद्या कुणाला तरी उपयोग होईल. (चालू खाणीत विनापरवाना घुसू नका. सुरुंग खरे असतात.)

फर्मरने १९०९ मध्ये जे केलं ते शेवटी काय होतं? गावोगाव फिरला, पाहिलं ते लिहून ठेवलं, जागेचं नाव घातलं. त्याची अर्धी नावं चुकीची ठरली तरी नोंदी चुकीच्या ठरल्या नाहीत. बेलडोंगराइट आज कुणी म्हणत नाही, पण बेलडोंगरीच्या खाणीत काय होतं हे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकात आजही सापडतं. वाघोलीच्या बाबतीत निदान एवढं व्हावं.

पुढच्या वीकएंडला जमलं तर चिखला आणि तुमसर-तिरोडी रेल्वेबद्दल लिहीन. वाघोलीच्या खाणीत कधी काम केलेलं कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर त्यांच्याशी एकदा निवांत गप्पा मारा आणि लिहून ठेवा. मलाही कळवा.